सायगॉनचा बान्ह मी

पत्र पहिले : काओ थांग रस्ता, सकाळ

हो चि मिन्ह सिटीला तिथली माणसे बोलताना अजूनही सायगॉनच म्हणतात. या शहराचा बान्ह मी म्हणजे वीतभर लांबीचा, मधोमध चिरून भरलेला पाव. १८५९मध्ये फ्रेंचांनी सायगॉन घेतले आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या भट्ट्या आल्या. तेव्हाचा पाव साहेबाच्या टेबलावरचा होता. तो लांबलचक आणि महाग असे. लोणी, पाते (कलेजीचे मऊ वाटण) आणि थंड मांसाचे काप वेगळ्या बशीत येत. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर देश दुभंगला आणि उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत उतरले. त्यांतल्याच एका हनोईकर जोडप्याने १९५८मध्ये ‘होआ मा’ काढले. बशीतला ऐवज पावातच भरून कागदात गुंडाळून हाती देण्याची रीत रूढ केल्याचे श्रेय बहुतेक जण या दुकानाला देतात. बसून खायला सवड नसलेल्या कामकऱ्यांना ती लगेच मानवली.

होआ मा आज ५३, काओ थांग या पत्त्यावर आहे, जुन्या तिसऱ्या जिल्ह्यात. (१ जुलै २०२५पासून शहरातले जिल्हे कागदोपत्री रद्द झाले, पण रस्ता विचारताना लोक जुनाच क्रमांक सांगतात.) दुकान फक्त सकाळचे. कोपऱ्यावरच्या गल्लीत भिंतीला लागून बुटकी टेबले आणि प्लॅस्टिकची स्टुले मांडलेली असतात. स्कूटरवाले गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांना चुकवत मधूनच निघून जातात. इथे गुंडाळलेला पाव मिळतोच, पण मागवावा तो कढईतला नाश्ता. दोन कानांच्या छोट्या अॅल्युमिनियमच्या कढईत चुरचुरती अंडी, हॅम, सॉसेज आणि परतलेला कांदा येतो. शेजारी गरम पाव आणि काकडी-गाजराचे आंबट लोणचे. बलक फोडायचा आणि पावाच्या तुकड्याने कढई पुसून काढायची. शहरात एकच सकाळ हाती असेल, तर ती इथे घालवावी.

पत्र दुसरे : ले थी रिएंग आणि हाम न्घी, दुपार

सगळ्यात गाजलेले दुकान म्हणजे जुन्या पहिल्या जिल्ह्यातल्या ले थी रिएंग रस्त्यावरचे ‘हुइन्ह होआ’. बेन थान्ह मेट्रो स्थानकापासून ते चालत गाठता येते. गाडीवर साधा बान्ह मी २० ते ३० हजार डोंगांत, म्हणजे साधारण ७० ते १०० रुपयांत पडतो. इथे त्याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात. त्या पैशांत पाते, लोणी आणि डुकराच्या मांसाचे काप इतके कोंबलेले असतात की पाव मिटत नाही. एक घेऊन दोघांनी खावा. रांगेत उभे राहण्याजोगा तो आहे, पण पाव कसा भाजला आहे हे त्या मांसाखाली कळतच नाही.

आणि या खाण्यात खरी गोम पावाचीच आहे. त्याचे कवच ब्रुन पावासारखे जाड नसते. ते पातळ आणि ठिसूळ असते, आतला गाभा जवळजवळ हवाच. सायगॉनच्या दमट हवेत हे कवच दोन-तीन तासांत नरमते. म्हणून भट्ट्या दिवसातून अनेकदा पाव काढतात आणि गाडीवाले भरण्याआधी तो पुन्हा शेकतात. कागदात बांधून हॉटेलवर नेलेला बान्ह मी अर्धा वाया गेलेला असतो.

भरण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. आधी अंड्याचा बलक आणि तेल घोटून केलेले पिवळे ‘लोणी’, मग डुकराच्या कलेजीचे पाते, त्यावर चा लुआ हा वाफवलेल्या डुकराच्या मांसाचा गुळगुळीत रोल, मुळा-गाजराचे लोणचे, काकडीची लांब फोड, कोथिंबीर, मिरची आणि शेवटी सोयासॉसचे दोन शिंतोडे. लोणच्याचा आंबटपणा पात्याच्या तुपकटपणाला आवर घालतो. लोणचे हात राखून घालणारी गाडी टाळावी.

हाम न्घी रस्त्यावर, बिटेक्स्को मनोऱ्याजवळ, १९६८पासूनची ‘न्हू लान’ बेकरी आहे. पाव तिच्याच भट्टीचा आणि दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे, त्यामुळे अवेळी पोचलेल्यांना तिचा आधार. दा काओ भागातली ‘बाय हो’ ही कुटुंबाची छोटी गाडी मात्र मुद्दाम वाट वाकडी करून गाठावी. तिचे पाते घरचे आणि भरण बेताचे, म्हणून प्रत्येक चव सुटी लागते.

पत्र तिसरे : संध्याकाळ, आणि मांस न खाणाऱ्यांसाठी

ऊन उतरले की कोळशावर भाजलेल्या मांसाच्या गाड्या लागतात. डुकराच्या खिम्याच्या चपट्या वड्या जाळीवर भाजून थेट पावात जातात. अशा गाडीवर पाते लागतच नाही, धुराचा वास पुरतो.

शाकाहारी पाव ‘बान्ह मी चाय’ या पाटीखाली मिळतो. त्यात टोफू, मशरूम आणि सोयाचे काप असतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, अनेक बौद्ध घरांत मांस वर्ज्य असते. त्या दिवसांत या पाट्या जास्त दिसतात. अंडे चालत असेल तर ‘ओप ला’, म्हणजे तळलेल्या अंड्याचा पाव, मागावा. मात्र पुष्कळ गाड्यांवर अंड्याच्या पावालाही पाते फासतात, तेव्हा ते नको असल्याचे पाव चिरण्याआधीच सांगावे.