दाखवणारा माणूस

केनियाच्या सहलीचं माहितीपत्रक. गुळगुळीत कागद, पानापानावर सिंह. शेवटच्या पानावर अटी आणि नियम, भिंग घेऊन वाचावेत इतक्या बारीक अक्षरांत. त्यात एक ओळ अशी, की वन्यप्राणी दिसणं सर्वस्वी निसर्गाच्या हाती आहे, कंपनी त्याची हमी देत नाही. विमानाची हमी आहे, खोलीत गरम पाणी येईल याची आहे, रात्री वरणभात मिळेल याचीही आहे. ज्याच्यासाठी माणूस साठवलेली पुंजी मोडून समुद्रापार जातो, त्या सिंहाची नाही. मला ती ओळ फार आवडली. सबंध पत्रकात तेवढी एकच ओळ जंगलात बसून आलेल्या माणसानं लिहिली असावी असं वाटलं.

पत्रक आमच्या शेजारच्या सरांचं. सर निवृत्त मुख्याध्यापक, काकूंनी अनेक वर्षं बालवाडी चालवली. धाराशिवच्या माणसाची केनियाची वाट आधी पुण्याला जाते, पीतज्वराच्या लशीसाठी. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टाइतकंच जपावं लागतं, कारण परत येताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. काकूंनी ते देवघरात ठेवलं होतं. नैरोबीहून नारोकमार्गे मसाई मारा अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपलं धाराशिव ते पुणे. वाटेत रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर गाडी थांबते, खाली जमीन एकदम खचलेली दिसते आणि गाडीतली बडबड आपोआप बंद होते. सर बार्शीचा घाट उतरताना नेहमी खिडकीशी बसणारे. त्या कड्यावरून त्यांना हलवायला काकूंना दोनदा हाक मारावी लागली.

फोटो शेकड्यांनी होते, सगळे पाहिले. पण मला पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो तो त्यांच्या चालकाचा किस्सा. चालक आणि वाटाड्या एकच माणूस. टपाचं छप्पर वर उचलता येतं अशा लँड क्रूझरमध्ये सहा प्रवासी आणि पुढे तो. सकाळी साडेसहाला फाटकातून आत गेल्यावर त्यानं तासभर काही दाखवलं नाही. गाडीतल्या एकानं कुरकुर सुरू केली. मग त्यानं इंजिन बंद केलं. समोर गवतात एक वारूळ, वारुळावर टोपी जातीचं एक हरीण उभं. तांबूस तपकिरी अंग, मांड्यांवर निळसर काळे डाग, पाय चारही जुळवलेले. सगळ्यांनी कॅमेरे त्याच्यावर रोखले. चालक म्हणाला, "त्याच्याकडे बघू नका. ते कुणीकडे बघतंय ते बघा." हरणाचे कान पुढे ताणलेले, मान एका दिशेला थिजलेली. त्याच्यामागे चरणारं आणखी एक हरीण, त्यानंही मान वर करून त्याच दिशेला धरलेली. पलीकडे एक जिराफ, तोही तिकडेच तोंड करून. सर म्हणाले, तिन्ही नजरा जिथं एकमेकींना छेदतात तिथं मी पाहिलं, तर गवत. नुसतं गवत. पाच मिनिटं गवत. मग त्या गवतातून एक कान वळला आणि सिंहीण दिसली. ती तिथं आधीपासूनच होती.

सरांना त्या सहलीत पुढे बरंच काही दिसलं, पण सांगताना ते नेहमी त्या कानापाशी येऊन थांबतात. भूमितीचे शिक्षक होते, तीन रेषांचा छेदनबिंदू त्यांना भावला असणार.

तक्रारीही होत्या. ठरलेला तंबूचा मुक्काम ऐनवेळी बदलला आणि दुसरा मिळाला तो फाटकापासून बराच लांब. मारा नदीवर ऑगस्टमध्ये विल्डेबीस्टचे कळप सेरेंगेटीकडून येऊन नदी ओलांडतात, ते पाहायला गेले तर काठावर गाड्यांची ही गर्दी. बिनतारी यंत्रावर एकानं काही पुकारलं की सगळ्या गाड्या तिकडे धावतात. एका चित्त्याभोवती इतक्या गाड्या जमल्या की तो बिचारा शिकार सोडून सावलीत जाऊन बसला. त्यांचा चालक तिथं थांबला नाही. गाडीतल्यांची नाराजी पत्करून तो निघाला आणि त्यानं सगळ्यांना दुसऱ्या बाजूला तासभर हत्तींच्या कळपाजवळ बसवलं. केनियात अशा वाटाड्यांची संघटना आहे, ती परीक्षा घेते आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या देते. माझं मत विचाराल तर सहलीला निघणाऱ्यानं कंपनीला पहिला प्रश्न हॉटेलचा करू नये. गाडी कोण चालवणार, तो त्या भागात किती वर्षं आहे, एका गाडीत किती माणसं बसवणार, हे विचारावं. खोलीतला पलंग कुठेही मिळतो. गवतातला कान दाखवणारा माणूस सगळीकडे मिळत नाही.

त्या फोटोंत एक सिंह जांभई देताना टिपलेला होता. जबडा पूर्ण उघडा, सुळे पिवळट, जीभ मागे वळलेली. तो पाहिला आणि मला एकदम परांडा आठवलं.

परांड्याचा किल्ला भुईकोट. भोवती खंदक, दुहेरी तट, आत दगडी गोळ्यांचे ढीग आणि बुरुजांवर तोफा. लहानपणी वडिलांबरोबर गेले होते. दरवाजाशी एक म्हातारे गृहस्थ बसलेले असत, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं. ते कुणाचे नोकर नव्हते आणि पैसेही मागत नव्हते, किल्ला दाखवायची त्यांना हौस होती. एका बुरुजावर नेऊन त्यांनी आम्हाला रिकामी जागा दाखवली आणि म्हणाले, "हितं सिंह होता बगा." मी घाबरून वडिलांचा हात धरला. मग त्यांनी मुलुख मैदान तोफेची गोष्ट सांगितली. अहमदनगरात १५४९ मध्ये ओतलेली, पंचावन्न टनांच्या घरात वजनाची, आणि तोंड सिंहाच्या उघड्या जबड्याचं. त्या जबड्यात दातांखाली चिरडला जाणारा हत्ती कोरलेला. ती परांड्यात होती, १६३२ मध्ये विजापूरकरांनी ओढून नेली, आणि आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. म्हाताऱ्यांनी दोन्ही हात पसरून तोफेची लांबी दाखवली, मग वाकून, जबडा वासून, हत्ती कसा चावला तेही दाखवलं. त्यांचे पुढचे दात पडलेले होते. तरीही मला सिंह दिसला.

मोठेपणी विजापूरला जाऊन ती तोफ पाहिली. हात लावला, ऊन असूनही धातू गार होता. पण तिथं मला सिंह दिसला नाही, तोफ दिसली. सिंह परांड्याच्या त्या रिकाम्या जागेवरच राहिला आहे.

आणि ज्यांच्या डोळ्यांखाली ती तोफ असणार त्यांच्यातला एक माणूस खरोखर सिंहांच्या मुलखातून आलेला होता. मलिक अंबर. जन्म इथिओपियात, १५४८च्या सुमाराचा. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद असे बाजार पाहत दख्खनमध्ये आला, इथं त्याला विकत घेतलं ते निजामशाहीच्या चंगीझखानानं, जो स्वतःही हबशीच होता. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं तेव्हा निजामशाही संपल्यात जमा होती. मलिक अंबरनं त्याच घराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि राजधानी केली आपल्या परांड्याला. आज एसटीची गाडी उतरल्यावर बाजारातून चालत पाच-दहा मिनिटांत ज्या किल्ल्यात पोचतो, तिथं एका राज्याचा श्वास काही काळ टिकवून धरला होता तो आफ्रिकेतून आलेल्या माणसानं. त्याच्या प्रवासाचं माहितीपत्रक कुणी छापलं नव्हतं. परतीचं तिकीट नव्हतं. कोणत्या बाजारात कोणता मालक मिळेल याचीही हमी नव्हती.

मला मलिक अंबर आवडतो त्याचं कारण लढाया नाहीत. त्याच्या गनिमी काव्यानं मोगल जेरीला आले, जहांगीरच्या दरबारात त्याच्या तुटक्या मुंडक्यावर बादशहा बाण मारतो आहे असं चित्र काढलं गेलं; प्रत्यक्षात ते मुंडकं कधी हाती लागलंच नाही. १६२६ मध्ये तो म्हातारा होऊन, आपल्या मरणानं गेला, खुलताबादेत त्याची कबर आहे. पण या माणसानं जमिनीची पाहणी करून, तिचा कस आणि पीक बघून सारा बसवायची पद्धत घातली, ती पुढे कित्येक पिढ्या त्याच्या नावानं ओळखली गेली. खडकीला गाव वसवलं आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलं. परका आणून सोडलेला माणूस, आणि इथल्या मातीत कुठे ज्वारी पिकते, कुठे नुसती कुसळी उगवते, पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं, हे त्याला जन्मानं इथल्या असणाऱ्यांपेक्षा जास्त कळलं. कुठेही गेल्यावर जमीन वाचायला शिकणं, हाच प्रवासाचा मोठा लाभ असेल तर त्याच्याइतका मोठा प्रवासी या जिल्ह्यानं पाहिला नाही.

नाही म्हणायला अलीकडे एक पाहिला.

२०२४ च्या डिसेंबरात येडशी रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. ज्या जिल्ह्यात वाघाची गोष्ट आजी-पणजीच्या तोंडूनच ऐकायची, तिथं. पट्टे जुळवून पाहिले तर तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. टिपेश्वरचे वाघ चालण्यासाठी ख्यातच आहेत. २०१९ मध्ये तिथला एक नर तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता. आमचा हा पाहुणा साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आला. ओढ्याओढ्यानं, उसातून, महामार्ग ओलांडून, गावांच्या कडेकडेनं. मसाई मारा दीड हजार चौरस किलोमीटरांचं, आमचं येडशी जेमतेम बावीस. तरी त्याला ते सापडलं. बालाघाटाची कडा, कोरडं जंगल, मोर, रानडुकरं आणि रामलिंगाच्या देवळाकडची वानरं, एवढ्यावर त्यानं ठरवलं की इथं थांबायचं. पकडायला ताडोब्याहून पथक आलं, ड्रोन उडाले, तो सहजी हाती लागेना.

त्या दिवसांत येडशीच्या बाजूला गेले होते. एक गुराखी भेटला, पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी. वाघ पाहिला का विचारलं तर म्हणाला, "न्हाई. पर वानरं आज सकाळधरनं त्या वगळीकडं बघून खाकरायलीत." आणि काठीनं वगळ दाखवली. मी वगळीकडे बघायला लागले, तर म्हणाला, "तसं न्हाई ताई, मोरं उडत्यात का बगा." मला मसाई माऱ्याचा चालक आठवला. इतकी नेमकी विद्या याच्याकडे आहे आणि कुठली संघटना याची परीक्षा घेऊन याला पदक देत नाही.

पुढे तो म्हणाला, "लोक वाघ बघाया पैसं देत्यात म्हणं. आमच्या भावकीत एकाची कालवड गेली. पंचनामा झालाय, बगू."

या वाक्याला माझ्यापाशी तिथं उत्तर नव्हतं, पण माऱ्यात आहे. माऱ्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. तिथं ओलारे मोतोरोगी, नाबोइशो अशी लोकांची राखीव रानं आहेत. सफारीवाले त्या जमिनीचं भाडं थेट कुटुंबांना देतात. गुरं कधी, कुठे चारायची याचे नियम तिथं एकत्र बसून ठरतात, आणि एका प्राण्याभोवती किती गाड्या उभ्या राहाव्यात यालाही मर्यादा आहे. तिथंही सिंह गाय नेतो. पण ज्याची गाय जाते, त्याच्या घरी सिंहामुळे पैसाही येतो. केनियानं १९७७ मध्ये शिकार बंद केली आणि त्यानंतर हळूहळू हा मार्ग काढला. भांडणं आजही आहेत, कुणाचं कुंपण, कुणाचं भाडं थकलं. तरी मार्ग आहे.

पुणे जिल्ह्यात वन विभागानं बारामती-इंदापूरकडच्या माळांवर तृणभूमी सफारी सुरू केली आहे. कोल्हे, लांडगे, चिंकारा पाहायला लोक जातात, स्थानिक पोरं वाटाड्याचं काम करतात. परांडा, भूम, कळंब, येडशी इथल्या माळांवरही काळवीट आहे, लांडगा आहे, तरस आहे. केनियाला जाणाऱ्यानं जरूर जावं, सरांसारखं काळजीपूर्वक बघून यावं. पण घोंगडीवाल्या त्या गुराख्याला कुणी सकाळी साडेसहाला सोबत घेऊन, मानानं, रोजगार देऊन, "आज काय दाखवता?" असं विचारावं, ही सोय आमच्या जिल्ह्यात व्हायला हवी. तो हमी देणार नाही. कालवड गेली त्याला मात्र आधी पैसे मिळाले पाहिजेत, हे तो पहिल्याच वळणावर सांगेल, आणि पाहुण्यानं ते ऐकून घ्यायला हवं.