अबोला

परवा मणि कौल यांचा 'नजर' पाहिला. १९९० सालचा हिंदी चित्रपट. धाकट्या पुतणीला असल्या सिनेमांचा नाद. तिने लॅपटॉपवर लावून दिला आणि "काका, झोप आली तर खुशाल झोपा" असं सांगून निघून गेली. झोप आली नाही. नंतर रात्रीही धड लागली नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मूळ कथा दस्तयेवस्कीची, १८७६ सालची. नोकरीत नवा असताना रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्तात मिळालेल्या इंग्रजी पुस्तकात ती वाचली होती, शेजारी डिक्शनरी ठेवून. मराठीतून बी.ए. झालेल्या माणसाची तेवढीच ऐपत! तेव्हा ती मला सावकाराची गोष्ट वाटली होती. वस्तू गहाण ठेवून घेणारा एक्केचाळीस वर्षांचा माणूस, आणि आईबापांवेगळी सोळा वर्षांची मुलगी. आत्या-मावश्या तिला एका दुकानदाराच्या गळ्यात बांधायला निघालेल्या असतात. हा मध्ये पडून तिच्याशी लग्न करतो. सुरुवातीला ती पोर धावत त्याच्याकडे येते, लहानपणच्या गमती सांगते. तो मात्र ठरवून गप्प राहतो. त्याला वाटतं, मी का समजावून सांगायचं? माझी थोरवी तिची तिला कळली पाहिजे. शेवटी एक दिवस ती देवाची तसबीर छातीशी धरून खिडकीतून उडी टाकते. तिचं प्रेत समोर ठेवून तो बोलत सुटतो, ती सगळी कथा. पीटर्सबर्गमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका मुलीने खरोखरच अशी उडी टाकली होती. ती बातमी वाचून दस्तयेवस्कीने हे लिहिलं.

मणि कौल यांनी ही कथा मुंबईत आणली. सावकाराच्या जागी जुन्या दुर्मिळ वस्तूंचा व्यापारी, म्हणजे शेखर कपूर. बायको झाली आहे शांभवी कौल, दिग्दर्शकांची स्वतःची मुलगी. मणि कौल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, ऋत्विक घटकांचे विद्यार्थी. पुढे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले. ते आठवलं तेव्हा कुठे सिनेमाची चाल लक्षात आली. आलापासारखी! घाई नाही, रडारड नाही. माणसं वाक्यं अशी सपाट बोलतात की पहिली दहा मिनिटं आपल्याला वाटतं, यांना अभिनय येत नाही की काय! मग हळूहळू कान बसतो. एका घरात दोन माणसं आहेत, पण नजरेला नजर मिळत नाही. तो तिच्याकडे पाहतो तेसुद्धा दुकानातल्या मूर्तीकडे पाहावं तसं. किती जुनी, किती मोलाची, कुठे ठेवली तर शोभेल!

सगळ्यांना हा चित्रपट आवडेल असं मी म्हणणार नाही. पण कथा वाचताना जे माझ्या नजरेतून सुटलं होतं ते इथे दिसलं. ही सावकाराची गोष्ट नाहीच मुळी. ही अबोल्याची गोष्ट आहे.

आपल्याकडे अबोला ही तशी लाडिक गोष्ट. लहान मुलं कट्टी करतात, नवी नवरी रुसते. पण घरातल्या कर्त्या माणसाने धरलेला अबोला वेगळा असतो. ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी तो धरलेला आहे.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हातात छडी घेतली नाही, याचा मला फार अभिमान होता. निरोपसमारंभात दोघा-तिघांनी तसं बोलूनही दाखवलं. पण न मारता मी काय करायचो ते कोणी बोललं नाही. चुकलेल्या मुलाशी मी बोलणं बंद करायचो. प्रश्न विचारताना त्याचा बाक गाळायचो, वही तपासून न बोलता परत द्यायचो. चार दिवसांत पोरगं रडकुंडीला यायचं. मला वाटायचं, ही शिस्त.

घरीही तेच. १९८१ साली आमच्या हिने मला न विचारता भावाला सातशे रुपये दिले. त्याची नड खरी होती. ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं, तरी मी सतरा दिवस बोललो नाही. जेवायला बसायचो, ताट सरकवायचो, उठायचो. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. आपण किती संयमी, असंच तेव्हा वाटत होतं. अठराव्या दिवशी, फार मोठं मन केल्यासारखा, चहा मागितला. तिने दिला.

कथेतला तो माणूस शेवटी तिच्या पायावर पडतो. आता मी बोलेन, तुला दूर घेऊन जाईन, म्हणतो. ती घाबरते. तिला वाटलेलं असतं, हा आपल्याला असंच बाजूला राहू देईल. तिने आपल्यापुरती वाट काढलेली असते आणि नेमका तेव्हा याला कंठ फुटतो. पुढे तो स्वतःला बजावत राहतो की आपल्याला घरी परतायला पाचच मिनिटं उशीर झाला. पाच मिनिटं! सबंध हिवाळा गप्प बसलेला माणूस हिशेब करतो तो पाच मिनिटांचा.

सिनेमा संपला तेव्हा ही स्वयंपाकघरात गवार मोडत होती. शेजारी जाऊन बसलो, चार शेंगा हातात घेतल्या आणि विचारलं, "तुला तो अबोला आठवतो का गं?"

तिने मान वर न करता विचारलं, "कुठला?"

माझ्या हिशेबात एकच होता. तिच्याजवळ किती आहेत ते अजून पुरतं कळलेलं नाही. त्या संध्याकाळी तिने तीन सांगितले, त्यातले दोन मला आठवतही नव्हते. गवार कधीच मोडून झाली होती, तरी आम्ही बसून होतो. मी मध्येच "पण त्या वेळी माझं म्हणणं..." असं सुरू केलं, आणि गप्प झालो. यावेळी ऐकण्यासाठी.

बाकीचे सवडीने सांगते म्हणाली आहे.