हॉलपॅक

आय.टी.आय. झाल्यावर बेळगावात मनासारखी नोकरी मिळेना. म्हणून 1983 साली घाट उतरलो आणि डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर मेकॅनिक म्हणून लागलो. तिथे हॉलपॅक होते. भारत अर्थ मूव्हर्सचे 35 टनी डंपर. रस्त्यावरचा ट्रक त्यांच्याशेजारी पोरांच्या खेळण्यासारखा दिसे. खाणीची हद्द ते कधी ओलांडत नसत. बार्जपर्यंत माल नेण्याचे काम दहा टनी ट्रकांचे. आणि खनिज तरी किती? एका टनामागे दोन-तीन टन माती आधी उपसावी लागे. म्हणजे आमचे निम्म्याहून अधिक आयुष्य माती वाहण्यातच गेले म्हणा ना!

या यंत्राचे सस्पेन्शन मला फार आवडे. पाटे नाहीत; जाड नळकांड्यांत तेल आणि नायट्रोजन. गॅस उतरला की डंपर थकलेल्या म्हशीसारखा एका अंगावर कलून उभा राही. "ताका तान लागल्या रे," असे आमचे मामा म्हणत. मामा म्हणजे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. तहान भागवायची ती नायट्रोजननेच. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट ठरलेला, आणि वेल्डिंगचे ऑक्सिजन सिलिंडर शेडमध्ये जवळच असत. त्यामुळे नवख्या पोराला पहिला धडा हाच, मराठीत, कोंकणीत आणि कन्नडमध्ये. काम तिन्ही भाषांत चाले. शिव्या मात्र ज्याच्या त्याच्या.

केबिन डावीकडे असल्याने उजव्या अंगाचे ड्रायव्हरला फारसे दिसत नसे. म्हणून जीपगाड्यांवर उंच काठीला लाल झेंडा. उतारावर रिटार्डर वेग आवरी, पण त्याचे तेल तापू द्यायचे नाही.

एका जूनमध्ये, पहिल्याच पावसात, वरच्या बेंचवरून मामा भरलेला डंपर घेऊन उतरत होते. रॅम्पवरची तांबडी माती साबणासारखी झालेली. मध्येच हवेचा दाब पडला, बझर वाजू लागला. डावीकडे कड्याखाली गावातले कुळागर, माणसे कामाला वाकलेली. मामांनी उडी मारली नाही. गाडी उजवीकडे डोंगराला घातली आणि घासत घासत थांबवली. आम्ही धावत पोचलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. बोटे सोडवावी लागली. मागाहून आलेल्या साहेबांनी पहिली चौकशी केली ती टायरची. टायर महाग असत हे खरेच. पण ते वाक्य शेडमधला कोणी विसरला नाही.

2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. मी त्याआधीच निवृत्त होऊन खानापूरला परतलो होतो. पुढे एकदा मुद्दाम गेलो, तर शेडमागे दोन हॉलपॅक वेलींत बुडालेले आणि भंगारवाल्यांची पोरे गॅसकटर पेटवून पुढच्या चाकाशी बसलेली. मी ओरडूनच त्यांना थांबवले. पाना मागून घेतला, आणि दोन्ही नळकांड्यांतला नायट्रोजन हळूहळू सोडून दिला. पोरे कंटाळून बिडी ओढत बसली. चांगला अर्धा तास लागला.