चेटकिणीचं पाणी

दाढी हे पुरुषाचं चालू खातं आहे. रोज जमा होते, रोज काढून टाकावी लागते, आणि कितीही वर्षं व्यवहार केला तरी व्याजाचा एक छदाम पदरात पडत नाही. बँकेच्या काउंटरवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ही उपमा सुचली तर नवल नाही. नवल हे, की दाढी करून झाल्यावर काय लावायचं, या बाबतीत आपल्या पुरुषवर्गाने आजवर फारसा विचारच केलेला नाही.

आमच्या घराण्यात तुरटी. आजोबांची तुरटी वडिलांकडे आली नाही, कारण ती झिजून संपली. पण तुरटीवरची श्रद्धा मात्र वारसाहक्काने पूर्ण आली. ओल्या गालावरून तो पांढरा खडा फिरवायचा, कापलं असेल तिथे जरा दाबून धरायचा आणि 'स्स्' असा आवाज काढायचा. या 'स्स्'ला फार महत्त्व. झोंबतं म्हणजे लागू पडतं, हे आमच्याकडचं वैद्यकशास्त्र. आयोडीन झोंबतं म्हणून चांगलं, काढा कडू म्हणून चांगला, मास्तर मारकुटे म्हणून चांगले.

माझ्यापुरता प्रश्न असता तर मीही जन्मभर 'स्स्' करत राहिलो असतो. पण दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या दाढीचा चार्ज माझ्याकडे आला. अण्णा म्हणजे आमचे तीर्थरूप. वय ऐंशी. हात थरथरतो, त्यामुळे वस्तरा बंद. गुडघे दुखतात, त्यामुळे जिना उतरून सलूनात जाणं बंद. ट्रिमर घ्यावा असं आमच्या सौ.ने सुचवलं. त्यावर अण्णांनी, "सूनबाई, मला दाढी करायची आहे, बागेतलं गवत कापायचं नाही," असा निकाल दिला. तेव्हा दर रविवारी सकाळी पंचा, वाटी, ब्रश घेऊन मी हजर.

ऐंशीच्या गालाची कातडी म्हणजे जुन्या पासबुकाचं पान. जरा जपूनच उलटावं लागतं. त्यात रक्त पातळ राहण्याची गोळी चालू, म्हणजे लहानशा ओरखड्यालाही टिपकागद लागतो. पूर्वी सलूनात दाढी उरकली की कारागीर स्पिरिटच्या वासाचा कसला तरी फवारा मारी. अण्णा तोंडातून हूं का चूं काढत नसत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, तो फवाऱ्यापुढे काय नमणार! फक्त त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत आत वळायचा. बाजूच्या बाकावर बसून मी तो पाहिलेला होता. त्यामुळे चार्ज घेतल्यावर पहिला ठराव हाच, की अंगठा वळवणारी वस्तू घरात आणायची नाही.

न्यू जर्सीतल्या धाकट्या बहिणीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "दादा, विच हेझल बघ. इथे सगळे लावतात." मी म्हटलं, "विच म्हणजे चेटकीण ना गं?" तर तसं काही नाही म्हणे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता लवचिक, वाकणारं. हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झुडूप. सगळी झाडं पानं गाळून झोपायच्या बेतात असतात, तेव्हा ऐन हिवाळ्याच्या तोंडावर याला पिवळी फुलं येतात. आणि फळं पिकली की बिया बंदुकीच्या गोळीसारख्या उडून कित्येक फूट लांब पडतात. तिथले आदिवासी याच्या सालीचा, डहाळ्यांचा काढा सूज आणि जखमांवर वापरत. नंतर गेलेल्या गोऱ्या लोकांनी तर याची दुबेळकी काठी हातात धरून जमिनीखालचं पाणी शोधलं. हे ऐकल्यावर मला परकेपणा वाटेनासा झाला. आपल्याकडचा पाणाड्या याहून वेगळं काय करतो?

शिवाय ही बाई आपल्या घरात पूर्वीच येऊन गेलेली आहे. १८४६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या थेरॉन पाँड नावाच्या गृहस्थाने याच झुडपाचा अर्क विकायला काढला. पुढे अर्क मागे पडला, क्रीम आणि पावडर पुढे आल्या, आणि पाँड्स हे नाव आपल्या आयाबहिणींच्या आरशापुढे येऊन बसलं. म्हणजे चेटकीण माहेरचं नाव टाकून आपल्याकडे नांदली!

आता खरेदी. आमच्या केमिस्टकडे विच हेझल नव्हतं. 'या झाडाचं शास्त्रीय नाव हॅमामेलिस' एवढी माहिती मी बाळगून होतो, म्हणून होमिओपॅथीच्या दुकानात शिरलो. तिथे लगेच मदर टिंक्चरची बाटली निघाली. पाठोपाठ दुकानदाराने भरल्या दुकानात विचारलं, "मूळव्याध किती दिवसांपासून आहे?"

मी म्हटलं, "नाही हो, दाढीनंतर लावायला हवंय."

त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. लाजून सबब सांगणारी गिऱ्हाइकं त्यांनी आयुष्यभर पाहिली असावीत. "लाजायचं काय त्यात? तिखट बंद करा." मागे आमच्या शाखेचे एक जुने खातेदार उभे होते. सोमवारी ते पासबुक भरायला आले आणि माझ्या खुर्चीकडे बघत हळूच म्हणाले, "आता बसायला बरं वाटतंय ना?"

ते टिंक्चर मी घेतलं नाही, कारण त्यात अल्कोहोल भरपूर. शेवटी बहिणीने येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर दोन बाटल्या पाठवल्या, आणि वाणिज्य शाखेची पदवी पहिल्यांदाच घरात उपयोगी पडली. कारण ताळेबंद आणि बाटलीचं लेबल वाचण्याची रीत एकच. दर्शनी भागावर गुलाबाचं चित्र, खरी गोष्ट मागे बारीक टाइपात. घटक उतरत्या प्रमाणात लिहितात, तेव्हा पहिल्या चारपाच नावांतच सगळा व्यवहार उरकलेला असतो.

पहिली बाटली अमेरिकेतल्या जुन्या रिवाजाची : ८६ टक्के विच हेझलचा अर्क, १४ टक्के अल्कोहोल. यातली गंमत ऐका. तुरटपणा येतो तो सालीतल्या टॅनिनमुळे. पण वाफेवर अर्क काढताना टॅनिन जवळजवळ सगळं भांड्यातच राहतं. म्हणजे गालावर जे चणचणतं, ते मुख्यतः अल्कोहोल! आणि अल्कोहोल झोंबतं म्हणजे तरी काय? कातडीत उष्णतेची वर्दी देणाऱ्या नसा असतात, त्या अल्कोहोलने इतक्या हळव्या होतात की शरीराची नेहमीची ऊबही त्यांना चटका वाटते. धोक्याची घंटा खणाणते, चोर मात्र कोणीच नसतो. आमच्या शाखेत हे महिन्यातून दोनदा होतं.

दुसरी बाटली बिनअल्कोहोलची, पाण्यापाठोपाठ ग्लिसरीन असलेली. म्हाताऱ्या, कोरड्या कातडीला ओलावा हवा, तो यात. दोन्ही बाटल्यांत चेटकीण तीच. फरक काय तो सोबतीचा. पहिली मी तेलकट तोंडाच्या चिरंजीवांकडे वर्ग केली. दुसरीतही सुगंध होता आणि सुगंधाने काहींना खाज सुटते, म्हणून ती आधी अण्णांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली. काही उठलं नाही. तुरटीचा खडा मात्र मोडीत काढलेला नाही. बारीक कापलं आणि रक्त थांबेना, तर तिथे अजून त्याचीच सही चालते.

त्या रविवारी दाढी झाल्यावर कापसाच्या बोळ्याने हलकेच लावलं. अण्णांनी डोळे मिटून 'स्स्' करायची तयारी ठेवली होती. थोडा वेळ गेला. मग एक डोळा उघडला.

"लावलंस का रे?"

"लावलं की."

"काहीच झोंबत नाही. फुकट पैसे घातलेस."

अण्णांनी बाटली नापास केली ती केलीच. दर रविवारी ते "पाणी लावून झालं का?" असं विचारतात आणि मी "झालं" म्हणतो. पण माझं लक्ष त्यांच्या पायाकडे असतं. बँकेत अंगठा उठला की व्यवहार पक्का होतो. आमच्या घरी अंगठा हलला नाही, की झाला.