निरंकाचे मोल

निवृत्तीनंतर माणसाला कशाचा नाद लागेल, हे सांगता येत नाही. माझ्या बरोबरीचे कोणी ज्ञानेश्वरीच्या पारायणाकडे वळले, कोणी गच्चीवरच्या गुलाबांकडे. मी विमान-अपघातांच्या हकिकती आणि चौकशीचे निष्कर्ष वाचू लागलो. घरात हा नाद काहीसा अशुभच ठरला आहे. पण महसूल खात्यात तीन तपांहून अधिक काळ फायली चाळलेल्या माणसाला या वाचनात काही ओळखीचे सापडते. घटना कोणत्या क्रमाने घडली, कोणाच्या हातून काय राहून गेले, कोणता इशारा कोणी मनावर घेतला नाही, हे सारे तेथे चढ्या स्वराशिवाय मांडलेले असते. वाचता वाचता आपल्याच कचेरीतली माणसे डोळ्यांपुढे येऊ लागतात.

या वाचनात एका विमानाशी माझा विशेष परिचय झाला. ते म्हणजे सोव्हिएत बनावटीचे तुपोलेव्ह-१५४. आम्हा हैदराबादकरांना ते अगदीच परके नव्हे. डिसेंबर १९९२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू झाला, तेव्हा उझबेकिस्तानकडून काही विमाने वैमानिकांसह भाड्याने घेण्यात आली. त्यांतलेच एक तुपोलेव्ह ९ जानेवारी १९९३ रोजी बेगमपेठहून दिल्लीस गेले. दिल्लीवर दाट धुके होते. विमान धावपट्टी सोडून बाजूच्या जमिनीवर आदळले, मोडले, उलटे झाले आणि पेटले. त्या दिवशी आमच्या कचेरीत दुसरा विषय नव्हता, कारण सरकारी कामासाठी दिल्लीला जाणे-येणे असलेली माणसे प्रत्येक खात्यात होती. मग कळले की आतली सर्व माणसे जिवंत बाहेर आली. उलट्या झालेल्या, पेटलेल्या विमानातून दीडशेहून अधिक माणसे वाचावीत, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. पुढे सवड मिळाली तेव्हा या विमानाचा इतिहास शोधण्याची प्रेरणा तीच ठरली.

तुपोलेव्ह-१५४ ने पहिले उड्डाण ४ ऑक्टोबर १९६८ रोजी केले आणि १९७२ पासून ते प्रवाशांच्या सेवेत आले. शेपटीकडे तीन इंजिने, भक्कम चाके आणि कच्च्या धावपट्टीवरही उतरण्याची ताकद, अशी त्याची रचना होती. सोव्हिएत संघाचा विस्तार आणि तेथील दूरदूरच्या वस्त्या पाहता असेच विमान हवे होते. हजाराहून थोडी अधिक विमाने बांधली गेली आणि कित्येक वर्षे एरोफ्लोट या सरकारी विमानसेवेचा तो कणा राहिला. अपघातांच्या हिशेबात मात्र हे नाव वारंवार येते. सत्तरच्या आसपास विमाने नष्ट झाली आणि तीन हजारांच्या जवळपास माणसे गेली. एवढ्यावरून यंत्रच वाईट होते असे म्हणून मोकळे होता येते. मीही प्रारंभी तसेच समजत होतो. एकेक प्रकरण उघडून पाहिल्यावर चित्र पालटले.

११ ऑक्टोबर १९८४ चे ओम्स्कचे प्रकरण पाहा. पहाटेची वेळ, रिमझिम पाऊस. ओली धावपट्टी वाळविण्यासाठी इंधनाच्या टाक्या असलेल्या मोटारी तिच्यावर नेण्यास नियंत्रकाने परवानगी दिली. धावपट्टी अडलेली असल्याची खूण करणारा दिवा लावायचे राहिले आणि तो जागच्या जागी झोपी गेला. घरी तान्ही मुले होती आणि त्यांच्यामुळे त्याला कित्येक रात्री पुरती झोप मिळाली नव्हती. विमान सरळ त्या मोटारींवर उतरले. विमानातील १७४ आणि जमिनीवरील चार, अशी १७८ माणसे मृत्यू पावली. विमानात त्या रात्री कोणताही बिघाड नव्हता.

पुढच्याच वर्षी, १० जुलै १९८५ रोजी, उझबेकिस्तानातील उचकुडुकजवळ दुसरे तुपोलेव्ह कोसळले आणि आतली सर्व २०० माणसे गेली. सोव्हिएत हवाई वाहतुकीतला हा सर्वांत मोठा अपघात. विमान जड होते, उंची फार होती, वेग घटत गेला. आलेल्या थरथरीचा अर्थ वैमानिकांनी चुकीचा लावला आणि इंजिनांचा जोर आणखी कमी केला. तोल गेलेले विमान गिरक्या घेत खाली आले. ती तुकडी उड्डाणापूर्वी विश्रांतीवाचून विमानतळावर ताटकळत होती. ३ जानेवारी १९९४ रोजी इर्कुत्स्कला यंत्राचा दोष खराच होता. इंजिन चालू करणारा भाग सुटा व्हायला हवा होता, तो झाला नाही आणि भरमसाट फिरत राहिला. पण धोक्याचा दिवा उड्डाणाआधीच लागलेला होता. तो खोटा समजून विमान आकाशात नेण्यात आले आणि १२५ जणांचा बळी गेला.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगनवर झालेली टक्कर तर वाचवत नाही. तुपोलेव्हमध्ये बहुतांश प्रवासी शाळकरी मुले होती, सुटीसाठी स्पेनला निघालेली. झुरिकच्या नियंत्रण कक्षात एकच माणूस दोन ठिकाणी लक्ष ठेवीत होता, त्याचा सहकारी विश्रांतीस गेला होता. दूरध्वनीची मुख्य वाहिनी आणि धोक्याची पूर्वसूचना देणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. बाजूने एक मालवाहू बोइंग येत होते. विमानातले उपकरण वर चढा म्हणत होते, नियंत्रक खाली उतरा म्हणत होता. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. बोइंगच्या उपकरणानेही त्याला खालीच जाण्यास सांगितले होते. दोन्ही विमानांतील ७१ जण गेले. अशा प्रसंगी उपकरणाचे ऐकावे, हा नियम त्यानंतर सगळीकडे निःसंदिग्ध करण्यात आला.

ही प्रकरणे एकामागून एक वाचताना जाणवते की यांत खलपुरुष जवळजवळ कोठेच नाही. झोप न झालेला बाप आहे, दमलेली तुकडी आहे, दोघांचे काम एकट्याने ओढणारा कारकुनासारखा माणूस आहे. यंत्राने त्यांना क्षमा केली नाही, इतकेच.

याच विमानाच्या इतिहासात ७ सप्टेंबर २०१० ची नोंद आहे. याकुतियाहून मॉस्कोकडे जाणाऱ्या तुपोलेव्हची वीज हवेतच संपूर्ण गेली. बॅटरी बिघडली होती. दिशादर्शन गेले, रेडिओ गेला, टाक्यांमधून इंधन ओढणारे पंपही बंद पडले. जेमतेम अर्ध्या तासाचे इंधन हाताशी उरले. खाली कोमी प्रदेशाचे अरण्य. ढगांतून खाली आल्यावर वैमानिकांना इझमा गावाजवळ एक धावपट्टी दिसली. ती विमानांसाठी कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाली होती, तेथे केवळ हेलिकॉप्टरे उतरत. लांबी सुमारे तेराशे मीटर, आणि या विमानाला हवी जवळजवळ दुप्पट. दोन फेऱ्या वाया गेल्या, तिसऱ्यांदा ते उतरले, पट्टी ओलांडून झाडीत घुसले आणि थांबले. ८१ पैकी एकालाही इजा झाली नाही. वैमानिकांना रशियाचा वीर हा किताब मिळाला आणि तो योग्यच होता.

ती बंद पडलेली धावपट्टी स्वच्छ कशी होती, हा प्रश्न नंतर निघाला. तेथल्या हेलिकॉप्टर-तळाचे प्रमुख सेर्गेई सोत्निकोव्ह यांनी ती राखली होती. झुडपे वाढू दिली नाहीत, कोणाला गाड्या उभ्या करू दिल्या नाहीत, लाकडे टाकू दिली नाहीत. कोणाचा हुकूम नव्हता, तपासणीला कोणी येणार नव्हते. पट्टीवर विमान पुन्हा उतरेल असे मानण्यास काही कारणही नव्हते. त्यांनाही पुढे शासनाने पदक दिले. दुरुस्त झालेले विमान मार्च २०११ मध्ये त्याच आखूड पट्टीवरून उडवून नेण्यात आले.

हे वाचले त्या दिवशी मला आमच्या एका मंडल कचेरीतला शिपाई आठवला. आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद त्याच्याकडे होती. सकाळी साडेआठ ही त्याची ठरलेली वेळ. चैत्र-वैशाखातही, ढगाचा ठिपका नसताना, तो झाकण उघडी, आतले भांडे बाहेर काढून पाही आणि मग नोंदवहीत शून्य लिही. मराठी दफ्तरात ज्याला निरंक म्हणतात, तसे महिनेच्या महिने. आकाश कोरडे दिसत असताना उघडून कशाला बघतोस, असे मी एकदा विचारले. तो तेलुगूत म्हणाला, 'उघडून पाहिल्याशिवाय शून्य कसे लिहायचे, साहेब?'

त्या शिपायाच्या वाट्याला इझमासारखा दिवस कधी आला नाही. त्याच्या उन्हाळी नोंदींवर कोणाचे काही अडले नाही. त्या वह्या पुढे इतर जुन्या कागदांबरोबर दफ्तरखान्यात गेल्या. सोत्निकोव्हांची निगराणी जगाला कळली, कारण एक विमान वाट चुकून तिच्यावर उतरले. ते न उतरते तर? झुडपे तोडण्यात घातलेली ती वर्षे वाया गेली असे आपण म्हटले असते का? मी सेवेत असताना कामाचे मूल्यमापन नेहमी निष्पत्तीवरून होई, आणि गोपनीय अहवालात 'काही घडू दिले नाही' यासाठी रकाना नव्हता.

रशियातील नियमित प्रवासी सेवेतून हे विमान २८ ऑक्टोबर २०२० रोजी निवृत्त झाले. त्याच्या अपघातांची यादी आता अभ्यासकांकडे आहे, तारखा आणि आकड्यांसह. ज्या असंख्य फेऱ्यांत नियंत्रक जागा राहिला, मेकॅनिकने शंकेचा दिवा लागताच विमान थांबविले, दमलेल्या वैमानिकाने आज मला जमणार नाही असे सांगितले, त्या फेऱ्यांची यादी कोणी केलेली नाही. ती करणेही शक्य नाही. दिल्लीच्या धुक्यात उलट्या झालेल्या त्या विमानातून सुखरूप परतलेल्यांपैकी कोणी आजही हैदराबादेत असतील. तेही आपल्या घरी, आपल्यासारखेच, काहीही न घडलेला एखादा दिवस घालवीत असतील.