तुलूझ ते सेत: लोहमार्ग, कालवा आणि एकटीचा प्रवास

फ्रान्सच्या दक्षिण भागात तुलूझ आणि सेत या शहरांच्या दरम्यान लोहमार्ग आणि जलमार्ग बरेचसे अंतर एकमेकांच्या सोबतीने कापतात, कारण अटलांटिकच्या बाजूची सखल भूमी आणि भूमध्य समुद्राचा किनारा यांच्यामधली सोयीची वाट निसर्गाने एकच ठेवली आहे. उत्तरेला मोंतान न्वार हा डोंगर, दक्षिणेला पिरेनीजच्या पायथ्याच्या टेकड्या आणि त्यांच्या मधोमध ही सखल पट्टी, अशी या प्रदेशाची रचना आहे. या पट्टीतून 1666 ते 1681 या काळात सुमारे 240 किलोमीटर लांबीचा कालवा खोदला गेला, जो आज कानाल द्यू मिदी या नावाने ओळखला जातो आणि 1996 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पुढे 1857 मध्ये याच वाटेने बोर्दो–सेत लोहमार्ग पूर्ण झाला. प्रस्तुत लेखिकेने हा पट्टा एकटीने, कुठे प्रादेशिक रेल्वेने, कुठे बार्जने आणि कुठे पायी असा सावकाश पार केला, आणि गाव कुठे आहे हे गाडीतून कळते, पण ते तिथेच का आहे हे पाण्यावरून जाताना कळते, ही त्या प्रवासातून घडत गेलेली धारणा या लेखामागे आहे.

मराठी वाचकाच्या परिचयाचा कालवा नीरा किंवा मुठा कालव्यासारखा असतो, म्हणजे धरणातून निघून मंद उताराने सतत वाहणारा आणि मुख्यतः शेतीला व शहराला पाणी पुरवणारा. नौकानयनासाठी खोदलेल्या कालव्याचे तत्त्व याहून वेगळे असते. त्यात पाणी जवळजवळ स्थिर असते, ते सपाट टप्प्यांत विभागलेले असते, आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर नौका चढवण्या-उतरवण्यासाठी जलपाश बांधलेले असतात. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद, ज्यातली पाण्याची पातळी झडपांच्या साहाय्याने वाढवून किंवा घटवून आतली नौका हव्या त्या उंचीवर आणता येते. या व्यवस्थेतली खरी अडचण कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्यावर असते, कारण तिथून कोणत्याही दिशेने जाणारी प्रत्येक नौका एक हौदभर पाणी खाली घेऊन जाते, आणि ते पाणी भरून काढायला त्या टप्प्याहून अधिक उंचीवर पाण्याचा साठा लागतो. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडण्याची कल्पना हा कालवा उभारणाऱ्या रिकेच्या आधीही अनेकांना सुचली होती, आणि ती अडली होती ती याच प्रश्नापाशी.

पिएर-पॉल रिके हा बेझिए शहरात जन्मलेला गृहस्थ मिठावरील कराची वसुली करणारा मक्तेदार होता, स्थापत्यशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्याच्यापाशी नव्हते, मात्र मोंतान न्वारचे ओढे आणि त्यांचे हंगाम त्याला माहीत होते. त्या ओढ्यांचे पाणी अडवून, सां-फेरेओल येथे मातीच्या भरावाचे मोठे धरण बांधून आणि पोषक पाटाने ते नोरूझ येथील सर्वोच्च टप्प्यावर आणून सोडता येईल, ही त्याची योजना चौदाव्या लुईचा मंत्री कॉलबेर याने उचलून धरली. नोरूझला पोहोचण्यासाठी आव्हीन्योने या लहानशा स्थानकावर उतरून गव्हाच्या शेतांमधून पायी जावे लागते. समुद्रसपाटीपासून 189 मीटर उंचीवरची ही जागा इतकी सपाट वाटते की पाणलोट क्षेत्रांची सीमा इथून जाते यावर डोळ्यांचा सहजी विश्वास बसत नाही. पोषक पाटाचे पाणी झाडांच्या दाट सावलीतून येते, कालव्याला मिळते, आणि त्यातले काही पश्चिमेला तुलूझच्या व अखेर अटलांटिकच्या, तर काही पूर्वेला भूमध्य समुद्राच्या वाटेला लागते. या ठिकाणी पाहण्यासारखी भव्य वास्तू नाही, रिकेच्या स्मरणार्थ उभारलेला एक स्तंभ तेवढा आहे. तरीही ज्याला हा कालवा समजून घ्यायचा आहे त्याने कार्कासोनच्या तटबंदीआधी इथे यावे, असे निःसंकोच म्हणता येते.

एकट्या प्रवाशाने बार्जचा प्रवास कसा जुळवावा, याची थोडी माहिती इथे आवश्यक आहे. फ्रान्समध्ये भाड्याने मिळणारी लहान बोट चालवायला परवाना लागत नाही, परंतु जलपाशातून जाताना एकाने सुकाणू धरायचे आणि दुसऱ्याने दोर सांभाळायचा असतो, त्यामुळे एकट्याने ती घेणे व्यवहार्य ठरत नाही. मग उरतात ती मूठभर खोल्यांची प्रवासी बार्ज आणि मोठ्या गावांजवळ चालणाऱ्या काही तासांच्या फेऱ्या. ही दोन्ही साधने जिथे नाहीत ते अंतर रेल्वेने जोडून घ्यावे लागते. वरवर तुटक वाटणारी ही रचना प्रत्यक्षात लाभदायकच ठरते, कारण जे अंतर गाडी काही मिनिटांत ओलांडते तेच पाण्यावरून पुन्हा पाहताना नकाशावरच्या रेषेला काठ, वळण आणि चढ-उतार प्राप्त होतात. फ्रान्समधील अमेरिकेचे तत्कालीन राजदूत टॉमस जेफरसन यांनी 1787 च्या मे महिन्यात याच कालव्यातून सेतकडून तुलूझकडे प्रवास केला तेव्हा त्यांनी आपल्या बग्गीची चाके काढून ती बग्गीच नौकेवर चढवली होती, आणि वाटेत वाचन, लेखन व काठाकाठाने चालणे असा त्यांचा क्रम होता. एकट्याने केलेला प्रवास अधिक उपयुक्त, कारण त्यात विचार अधिक घडतो, अशा आशयाचे मतही त्यांनी त्याच वर्षीच्या एका पत्रात मांडले आहे. कालव्याच्या काठावर ते मत पटते, कारण ताशी आठ किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या वाहनात लक्ष पांगवणारे फार थोडे असते आणि निरीक्षणाला पुरेसा वेळ मिळतो.

कार्कासोनच्या स्थानकातून बाहेर पडताच समोर कालवा आणि जलपाश दिसतात. ही जवळीक सुरुवातीपासूनची नाही. बांधकामाच्या काळात खर्चातला वाटा देण्यास शहराने नकार दिल्यामुळे कालवा गावाला वळसा घालून गेला, आणि ती हानी भरून काढून तो शहरापर्यंत आणायला 1810 साल उजाडले. पर्यटकांची रीघ मात्र स्थानकातून थेट टेकडीवरच्या तटबंदीकडे जाते, जिचे आजचे रूप बरेचसे एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक याने केलेल्या पुनर्बांधणीचे आहे.

कार्कासोनहून पूर्वेला बार्ज उतरत जाते. जलपाशाच्या हौदात शिरताना बार्जच्या दोन्ही कडांना जेमतेम हातभर जागा उरते. पण आत गेल्यावर भिंती दोन्ही बाजूंना मागे सरकतात, कारण या कालव्याचे हौद लंबवर्तुळाकार आहेत, सुमारे तीस मीटर लांब, दरवाजापाशी सहा आणि मध्यभागी अकरा मीटरच्या आसपास रुंद. बाहेरून दाबणाऱ्या मातीचा भार सरळ भिंतीपेक्षा वक्र भिंत अधिक चांगला पेलते, म्हणून रिकेने हा आकार स्वीकारला. मागचा दरवाजा बंद होतो, पुढच्या दरवाजातल्या झडपा उघडतात आणि पाणी खाली घुसळत जाऊ लागते. दोर काठावरच्या लोखंडी खुंटाभोवती नुसता फिरवून हातात धरलेला असतो व पातळी उतरेल तसतसा सैल सोडला जातो, कारण तो घट्ट बांधला तर खाली जाणारी नौका दोराला लटकून कलंडण्याचा धोका असतो. डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून दगडी भिंत हळूहळू वर सरकते. वरचे थर कोरडे आणि उन्हाने फिके झालेले असतात, मग शेवाळाची ओली पट्टी लागते, सांध्यांतून उगवलेले नेचे दिसतात, आणि त्याखाली साडेतीनशे वर्षे रोज भिजून वाळलेले घडीव दगड. पुढचा दरवाजा उघडला की बार्ज पुन्हा काठाच्या पातळीवर येते. दुपारच्या जेवणाच्या वेळी जलपाश तासभर बंद असतात आणि नौका ओळीने थांबतात. या थांब्याबद्दल कुणी कुरकुर करताना दिसत नाही.

या भिंती उभारणाऱ्यांचा इतिहास बराच काळ रिकेच्या नावाखाली झाकला गेला होता. ऐन भरात असताना कामावर सुमारे बारा हजार मजूर होते आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. समाजशास्त्रज्ञ चंद्रा मुखर्जी यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की पिरेनीजमधल्या खेड्यांतून आलेल्या या स्त्रिया केवळ माती वाहत नव्हत्या, तर डोंगरउतारावरून पाणी वळवून नेण्याचे पिढीजात ज्ञान त्यांच्यापाशी होते आणि कालव्याच्या आखणीत त्याचा उपयोग झाला. हे वाचलेले असले तर सपाटीवरचे प्रत्येक वळण वेगळे दिसू लागते. रिकेचे कर्तृत्व त्यामुळे उणे होत नाही, पण बेझिएच्या मुख्य मार्गावर त्याचा भव्य पुतळा असताना या स्त्रियांची कुठे ठळक नोंद असू नये, ही उणीव मनाला लागते.

कालव्याच्या सावलीवर मात्र संकट आले आहे. एकोणिसाव्या शतकात काठांवर चिनाराच्या जातीच्या प्लेन वृक्षांची रांग लावली गेली, ज्यांची संख्या पुढे सुमारे बेचाळीस हजारांवर पोहोचली. त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवले आणि सावलीने पाण्याची वाफ होणे कमी केले. 2006 मध्ये इथे एका बुरशीजन्य रोगाची लागण आढळली, ज्याची बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांबरोबर युरोपात शिरली असे मानले जाते. झाडाच्या जखमेतून ती आत जाते, मुळांमधून आणि पाण्यातून शेजारच्या झाडाला लागते, आणि तिच्यावर उपाय नसल्यामुळे लागण झालेली व त्यांच्या लगतची झाडे तोडून जाळावी लागतात. दोराने साल खरवडली तरी तिचा शिरकाव होऊ शकतो, म्हणून झाडाला बोट बांधण्यास मनाई आहे. काही मैल दाट कमानीखालून गेल्यावर बार्ज अचानक रखरखीत उन्हात येते, दोन्ही काठांवर कापलेली खोडे आणि आधाराच्या काठ्यांना बांधलेली कोवळी रोपे दिसतात, आणि बोलणारे लोक गप्प होतात. नव्याने लावलेल्या झाडांमध्ये निरनिराळ्या जाती मुद्दाम मिसळल्या आहेत, जेणेकरून एकाच रोगाने पुन्हा सगळी रांग जाऊ नये. हा निर्णय योग्यच आहे, जरी त्यामुळे एकसारख्या कमानींचे जुने दृश्य परत येणार नसले तरी.

आर्जां येथील जलपाशानंतर बेझिएपर्यंत सुमारे चोपन्न किलोमीटर एकही जलपाश नाही. हा दीर्घ टप्पा एकाच पातळीत ठेवण्यासाठी कालवा टेकड्यांच्या समान उंचीच्या रेषेने जातो, म्हणून त्याची वळणे संपत नाहीत. कापेस्तां गावाच्या चर्चचा मनोरा दुरून दिसू लागतो, तो कधी उजवीकडे येतो, कधी डावीकडे, कधी पाठीमागे गेल्यासारखा वाटतो, आणि खूप वेळाने गाव खरोखर जवळ येते. द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या या भागात प्रवासाचा ठाव लागतो तो माल्पासच्या टेकडीपाशी. आंसेर्यूनच्या प्राचीन वस्तीची ही टेकडी आडवी आली तेव्हा ठिसूळ वाळूखडकातून बोगदा टिकणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. काम थांबवले जाण्याची भीती असताना रिकेने ते गुपचूप उरकले, अशी आख्यायिका आहे. 1679 चा हा 165 मीटरचा बोगदा नौकांसाठी खोदलेला युरोपातला पहिला बोगदा मानला जातो. त्याच टेकडीच्या पोटात, त्याच्याखाली, एकोणिसाव्या शतकातला रेल्वेचा बोगदा आहे. आणि त्याहीखालून तेराव्या शतकात मोंतादीचे तळे आटवण्यासाठी खोदलेला निचऱ्याचा भुयारी पाट जातो. टेकडीच्या माथ्यावरून ते आटलेले तळे दिसते, ज्याची शेते आजही बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्याकडे निमुळती होत जातात. निचरा, नौका आणि आगगाडी या तीन काळांच्या गरजांनी एकच टेकडी भेदली. बोगद्यातून बार्ज जात असताना पायांखालून गाडी धावत असेल, ही जाणीव इथे अनिवार्यपणे होते, कारण आदल्याच दिवशी त्या गाडीच्या खिडकीतून इथला अंधार क्षणभर पाहिलेला असतो.

लोहमार्गाने कालव्याची वाहतूक बुडवली, हे सरळ विधान खरे आहे, पण अपुरे. पेरेर बंधूंच्या रेल्वे कंपनीने 1858 मध्ये कालवाच चाळीस वर्षांसाठी भाडेपट्ट्याने घेतला, आणि प्रतिस्पर्धी तिच्याच ताब्यात आल्यामुळे त्याचे आधुनिकीकरण करण्यात तिला स्वारस्य उरले नाही. पट्टा संपून कालवा सरकारकडे आला तेव्हा फ्रान्सच्या उत्तर भागातले जलमार्ग साडेअडतीस मीटरच्या मालवाहू नौकांसाठी रुंद झाले होते आणि हा मात्र सतराव्या शतकाच्या मापाचाच राहिला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही जलपाश लांब करण्याचे काम सुरू झाले तेही अर्ध्यावर थांबले, आणि मालवाहतूक संपली. व्यापारी दृष्टीने ही उपेक्षाच होती. परंतु ते लंबवर्तुळाकार हौद, वक्र पूल आणि ओढ्यांना कालव्याखालून वाट देणाऱ्या मोऱ्या आज मूळ जागी पाहायला मिळतात त्याचे बरेचसे श्रेय याच उपेक्षेला द्यावे लागते.

बेझिएच्या वेशीवर फोंसेरानच्या सलग हौदांची पायरी आहे, जिने नौका सुमारे साडेएकवीस मीटर खाली उतरते. मुळात नौका इथून थेट ओर्ब नदीत उतरत असे आणि पुराच्या दिवसांत खोळंबून राहत असे. 1858 मध्ये नदीवरून कालवा नेणारा पूल झाला तेव्हा ती अडचण मिटली. पायरीवरून उतरणाऱ्या नौका पाहायला स्थानिक लोकही कठड्यावर रेलून उभे असतात, आणि नदीपलीकडच्या उंचावर सां-नाझेरचे कॅथीड्रल दिसत राहते. बार्ज इथेच थांबते.

पुढचा प्रवास रेल्वेने आहे. आग्दला उतरून स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक गोल जलपाश आहे, ज्याला तीन दरवाजे आहेत, कारण त्याच्या तीन बाजूंना पाण्याच्या तीन पातळ्या येऊन मिळतात आणि नौकेला हौदातच वळून हवा तो मार्ग धरता येतो. तिथून काही किलोमीटरवर कालवा तोच्या खाऱ्या सरोवरात शिरतो. या उघड्या पाण्यावर वारा सुटला की लहान नौकांना थांबून राहावे लागते. आगगाडी मात्र सरोवर आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या अरुंद पट्टीवरून, एका बाजूला सरोवर आणि दुसऱ्या बाजूला भूमध्य समुद्र ठेवून, सेतला पोहोचते. सेतचे बंदर याच योजनेचा भाग म्हणून 1666 मध्ये बांधायला घेतले होते. रिके 1680 च्या ऑक्टोबरात वारला आणि कालवा पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात खुला झाला. त्याने कामापायी करून ठेवलेले कर्ज फेडायला त्याच्या वारसांना 1724 पर्यंत वाट पाहावी लागली.