नदीकाठची प्रत

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस कन्हान नदीला मोठा पूर आला. वर छिंदवाड्याकडे धो धो पाऊस झाला होता. चौराई धरणाचं पाणी सुटलं, ते पेंचमधून तोतलाडोहात आलं, तिथले दरवाजे उघडावे लागले, आणि पारशिवनी, कामठी, मौदा, कुही या तालुक्यांतल्या नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. शेजारी भंडाऱ्यात वैनगंगेनंही तेच केलं. आपल्या बांधीत किती पाऊस पडला यावरून नदीचा अंदाज बांधणारी आमच्याकडची माणसं या पाण्याला फसली, कारण ते बहुतेक दुसऱ्यांच्या आभाळातून आलेलं होतं.

पाणी ओसरलं तेव्हा ऊन पडलं. पुरानंतरचं ऊन फार निर्मळ असतं, आणि त्यात काय काय वाळत घातलेलं असतं ते बघवत नाही. गाद्या, गोधड्या, भिजून वास मारणारं धान, पोरांची दप्तरं. खाटेवर एकेक करून पसरलेले कागद, त्यांच्यावर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ठेवलेले खडे. सातबारा, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, कुणाच्या तरी बाळंतपणाचं दवाखान्यातलं कार्ड. एका घरच्या काकू म्हणाल्या, ‘कागदं घेतले ना बाप्पा संगं. फोटोची कोणाले याद राह्यते तवा?’

त्यांच्या लग्नाचा अल्बम ओसरीवर उघडा ठेवलेला होता. जुन्या छापील फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो, त्या थरातच सगळं चित्र असतं. तो पाणी पितो, फुगतो, चिकट होतो आणि समोरच्या प्लास्टिकला धरून बसतो. घाईनं पान उलटलं की चेहरा प्लास्टिकवर निघून येतो आणि कागदावर पांढरा डाग उरतो. हे टाळायचं असेल तर चिकटलेली पानं तशीच स्वच्छ थंड पाण्यात ठेवावी लागतात, मग हलक्या हातानं सुटी करून चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावी लागतात. हे तेव्हा ओसरीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंच्या अल्बमात नवरदेवाचा फेटा नीट राहिला होता, त्याची जरसुद्धा दिसत होती. फेट्याखाली मात्र काही उरलेलं नव्हतं.

तेव्हापासून घरातल्या वस्तूंकडे माझं पाहणं बदललं. पुन्हा मिळणाऱ्या कोणत्या आणि न मिळणाऱ्या कोणत्या, ही विभागणी मनात आपोआप होऊ लागली. सातबारा पुन्हा मिळतो. २०१८ पासून तर तो डिजिटल सहीचा, घरबसल्या निघतो. गुणपत्रिकेची दुसरी प्रत बोर्ड देतं. आधार, लायसन, पॅन यांची मूळ नोंद कुठल्यातरी कार्यालयात असतेच, आणि २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये त्यांच्या प्रती फोनवर मिळतात. या कागदांना दुसरा राखणदार आहे. हेलपाटे पडतील, रांगेत उभं राहावं लागेल, पण कागद हाती येईल. ज्याला दुसरा राखणदार नाही ते सगळं आपल्याच माथी असतं, आणि नेमकं त्याचीच आपण कमी काळजी घेतो.

माझ्याकडे आजीच्या आवाजाची एक फाईल आहे. जुन्या फोनवर घेतलेली, ‘नवीन रेकॉर्डिंग ७’ एवढंच नाव असलेली. ती जात्यावर बसून ओव्या म्हणते आहे. आवाजाच्या मागे जात्याची घरघर आहे, खुंटा फिरताना तिच्या बांगड्या एका लयीत वाजतात, आणि एका ओवीच्या मधोमध माझे वडील दारातून खोकतात. त्या खोकल्यावर ती क्षणभर थांबते आणि मग त्याच सुरात पुढची ओळ उचलते. आज दोघंही नाहीत. जगातल्या कुठल्याही कार्यालयात याची नक्कल मिळत नाही. ही फाईल आपण नेमकी कुठे ठेवायची, हा प्रश्न मला तंत्रज्ञानाचा कधी वाटलाच नाही.

सगळे सांगतात, क्लाऊडवर टाकून दे. मौद्यात राहून त्या क्लाऊडकडे बघण्याची माझी एक वेगळी जागा आहे. रात्री राष्ट्रीय महामार्गावरून भंडाऱ्याकडून येताना एनटीपीसीच्या चिमण्या लांबून दिसतात, टोकाला तांबडे दिवे. पाचशे मेगावॉटचे दोन आणि सहाशे साठचे दोन संच, मिळून २,३२० मेगावॉट. कोळसा मालगाडीनं येतो, पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून. इथली वीज ग्रिडमध्ये जाते, आणि एकदा ग्रिडमध्ये गेली की विजेला गाव उरत नाही. त्याच ग्रिडवर तिकडे नवी मुंबईत ऐरोली, महापे भागातली डेटा सेंटरं चालतात. खिडक्या नसलेल्या मोठाल्या इमारती, आत रांगेनं लावलेली कपाटं, कपाटांत हजारो डिस्क, आणि त्या तापू नयेत म्हणून रात्रंदिवस चालणारं थंड हवेचं यंत्र. आपण मोबाईलमध्ये नुसतं बोट लावतो आणि फोटो ‘वर’ जातो, तेव्हा तो अशाच एखाद्या कपाटात जाऊन बसतो. तिथेही फरशी आहे, वायर आहे, आग आहे, पाणी आहे. आमच्या धानाच्या बांध्यांपलीकडे जळणाऱ्या कोळशाची ऊब कदाचित आजीच्या आवाजाला जागं ठेवत असेल, हे मला खरोखर फार आवडतं. तिला या गावाबाहेर करमायचं नाही.

पण आवडणं वेगळं आणि विसंबणं वेगळं.

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात, डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. बॅटऱ्यांपासून सुरू झाली. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आपापल्या कामाच्या फाईली एका सामायिक क्लाऊडवर ठेवायला सांगितलेलं होतं, आणि त्या साठ्याची बाहेर दुसरी प्रतच नव्हती, कारण साठा फार मोठा, म्हणे. ८५८ टेराबाइट जळून गेलं. जगातल्या सगळ्यांत पुढारलेल्या देशांपैकी एक, आणि तिथे हे. आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय जळालं तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या फाईलींची राख मुंबईनं पाहिली होती. कागद असो की डिस्क, एकाच छपराखाली सगळं ठेवलं की आगीला निवड करावी लागत नाही.

आग तशी क्वचित लागते. क्लाऊडवरची वस्तू जाते ती बहुधा आवाज न करता, नियम बदलल्यानं. गुगल फोटोजवर एका ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, असं होतं. १ जून २०२१ पासून ते संपलं, आणि मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं मिळून पंधरा जीबीचा हिशेब सुरू झाला. मग व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच पंधरात धरला जाऊ लागला. दोन वर्षं कुणी न उघडलेली खाती बंद करून आतलं पुसण्याचं धोरण २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आलं. दोन वर्षं खातं न उघडणारा माणूस बहुतेक वेळा एक तर आजारी असतो किंवा गेलेला असतो, आणि त्याच्याच घरच्यांना त्या फोटोंची सगळ्यांत जास्त गरज असते. ऑर्कुट आठवतं? ३० सप्टेंबर २०१४ ला ते मिटलं. आमच्या पिढीच्या किती मैत्र्या, किती पहिलीवहिली मराठी वाक्यं त्यात होती. मुदत दिली होती, प्रत काढून घ्या म्हणून सांगितलंही होतं. किती जणांनी काढली असेल?

आणखी एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. फोन आणि क्लाऊड जोडलेले असले, की फोनवरून पुसलेला फोटो क्लाऊडवरूनही पुसला जातो. ‘स्टोरेज फुल’ची सूचना आली की लोक भराभर फोटो उडवतात आणि म्हणतात, वर आहेतच ना. गुगल फोटोजच्या कचरापेटीत ते साठ दिवस थांबतात, मग तिथूनही जातात. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजेही प्रत नव्हे. तो दाबून, बारीक होऊन पोहोचतो, मोठा छापायला गेलं की डोळे ओळखू येत नाहीत.

मग घरातच ठेवावं का? हार्ड डिस्क आणली, आलमारीत ठेवली, झालं. तिथे नदी आठवते. आणि नदी नसली तरी आमचा मे महिना आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, टिनाच्या छपराखालची खोली भट्टी होते. जुन्या सीडीवरचा रंग उन्हाउष्णतेनं उडतो. नव्या एसएसडी विजेशिवाय बराच काळ, त्यात अशा उकाड्यात पडून राहिल्या तर आतला भार हळूहळू गळतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट कमी अंतरावर. तिथे पुराचा गाळ शिरला की काय होईल ते सांगायला नको. आणि ती टेबलावरून एकदा पडली तरी पुरे. वर कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर जोडून ठेवलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं जगभर हेच केलं.

कुठे ठेवायचं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी रिद्धपूरपर्यंत मागे गेलो. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव. रामटेकच्या दर्शनाला म्हणून निघालेले हरिपाळदेव वाटेत तिथे गोविंदप्रभूंना भेटले आणि पुढे चक्रधर झाले, अशी महानुभाव पंथाची परंपरा सांगते. म्हणजे आमच्या भागाकडे येणारी वाट मधेच वळली आणि मराठी गद्याचा जन्म झाला. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यानं ज्यानं त्यांना पाहिलं-ऐकलं त्याला विचारून, एकेक लीळा गोळा केली आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध झालं. पुढे खलजींच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथीच हरवली. ग्रंथ संपायलाच हवा होता. पण हिराइसा नावाच्या बाईला तो मुखोद्गत होता, आणखीही काहींच्या स्मरणात त्याचे भाग होते. त्यांनी तो आठवून पुन्हा मांडला. आज अभ्यासक लीळाचरित्राचे जे वेगवेगळे पाठ सांगतात, त्यांत हिराइसेचा पाठ आहे. पाठांमध्ये फरक आहेत, पण ग्रंथ आहे. पोथी एका जागी होती म्हणून गेली. ग्रंथ वेगवेगळ्या माणसांत होता म्हणून राहिला.

मला हे वाचताना भरून येतं. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाची दुसरी प्रत एका बाईच्या आठवणीत होती.

त्याच पंथानं पुढे आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. पोथ्या सुरक्षित राहिल्या, आणि कित्येक शतकं बाहेरच्या कुणाला वाचताही आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांपुढे लिपीची उकल झाली तेव्हा कुठे मराठीला आपलं एवढं मोठं धन कळलं. पंथात ती लिपी गुरूकडून शिष्याकडे जात राहिली म्हणून किल्ली टिकली. आपल्या घरांत काय होतं? माणूस जातो, फोन लॉक राहतो. त्याच्या अंगठ्याशिवाय, त्याच्या पासवर्डशिवाय आतलं काहीही उघडत नाही. बँकेच्या खात्याला आपण न चुकता नॉमिनी लावतो. गुगलनं २०१३ पासून आणि ॲपलनं २०२१ पासून तशी सोय दिलेली आहे, आपल्या पश्चात खातं कुणी बघायचं हे आधी ठरवून ठेवायची. लोकांना ती ठाऊक नाही. मला ती सोय कितीही जागा देणाऱ्या सगळ्या योजनांपेक्षा मोलाची वाटते.

तर क्लाऊड की घरची डिस्क, असं कुणी विचारलं की मी दोन्ही सांगतो, आणि दोन्हींवर भागत नाही हेही सांगतो. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं सांगितलेली एक साधी रीत जगभर मानली जाते. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. मी ती मौद्याच्या मापानं शिवून घेतली आहे. एक प्रत फोनमध्ये आणि क्लाऊडवर, कारण घर बुडालं तरी ऐरोली त्याच दिवशी बुडत नाही. दुसरी घरच्या हार्ड डिस्कवर, काम झालं की सोडवून ठेवलेली. तिसरी नागपुरात बहिणीकडे, वरच्या मजल्यावर. वरचा मजला मुद्दाम. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या तळमजल्यांत शिरली, तेव्हा शहरही नदीपासून सुटलेलं नाही हे कळलं. शिवाय डिस्क वर्षाकाठी जोडून, फाईली उघडून बघाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती आहे असं मानू नये. आणि चार-पाच वर्षांनी नवी डिस्क घ्यावी, जुनी चालत असली तरी.

खर्च होतो, वेळ जातो. पाच जीबीचं लग्नाचं शूटिंग एक एमबीपीएसच्या वेगानं वर चढवायला अकरा तास लागतात, आणि मधेच लाईन गेली तर पुन्हा पहिल्यापासूनही करावं लागतं. म्हणून सगळं ठेवायचा हट्ट मी सोडला. सकाळच्या शुभेच्छा, भाजीचे दर, पंधरा वेळा काढलेला एकच सूर्यास्त जाऊ द्यावा. जे ठेवायचं त्याला नाव द्यावं. ‘नवीन रेकॉर्डिंग ७’ हे नाव मी बदललं आहे. आता त्यावर आजीचं नाव आहे, गावाचं नाव आहे, आणि साल आहे, कारण माझ्यानंतर ती फाईल ज्याच्या हाती लागेल त्याला तो आवाज कुणाचा हे कळायला हवं.

मृग लागायच्या आधी आपण कौलं फिरवतो, बी-बियाणं कोरड्या जागी हलवतो. त्याच दिवसांत एक दुपार या कामाला द्या. घरातला जो आवाज, जो चेहरा पुन्हा कुठूनच मिळणार नाही, त्याची एक प्रत काढा, ती दुसऱ्या गावी आपल्या माणसाकडे ठेवा, आणि पासवर्ड घरात किमान एकाला सांगून ठेवा.